नावाची सही

जळोचीत भाड्याच्या दोन खोल्यांत ब्लाऊज शिवणाऱ्या संजीवनीला एकच खूळ होतं. बारामतीच्या रस्त्याला कुठं नवा गाळा उभा राहिला, की ती गाडी थांबवून चौकशी करायची: मालक कोण, भाडं काय, डिपॉझिट किती. लोकांना वाटायचं, बाई दुकान टाकतीय. बाईला दुकान टाकायचंच नव्हतं, बाईला मालक व्हायचं होतं.

नवरा गोकुळ काटेवाडीचा, दूध संकलन केंद्रावर कामाला. माणूस सरळ, पण चप्पल घ्यायची तरी तिघांना विचारणारा. त्याला राजी करता करता संजीवनीच्या नाकी नऊ आले. "एक प्लॉट घ्यायचा, त्यावर दोन गाळे काढायचे. भाडं आलं की तिसरा. का जन्मभर दुसऱ्याचंच छप्पर राखायचं?" असं ती भाकरी वाढताना रोज म्हणायची. शेवटी पटलं म्हणून म्हणा, का भाकरी सुखानं खायला मिळावी म्हणून म्हणा, गोकुळ हो म्हणाला.

बारामतीतल्या जागांना तर हात लावायची सोय नव्हती. संजीवनीचं माहेर इंदापूरकडचं, त्यामुळं तिकडं बघायचं ठरलं. इंदापूरच्या कडेला, रस्त्याला लागून मानसिंग आबांचा बिनशेती प्लॉट होता. तो बघताक्षणी तिच्या मनात भरला. तिनं गंठण मोडलं, गोकुळनं साठवलेलं काढलं आणि विसार दिला. बाकीच्याला बँकेचं कर्ज मंजूर झालं. विसार घेताना आबा गोड हसून म्हणाले होते, "तारखेला खरेदी झाली पायजे बरं का. न्हाय झाली तर इसार इसरायचा."

ती तारीख उजाडली. मोटारसायकलवरून इंदापूरला जाताना संजीवनीच्या तोंडावरचं हसू हटत नव्हतं. आज दोघांच्या नावानं जागा होणार होती.

रजिस्टर कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. वकिलांनी दोघांना कोपऱ्यात घेतलं. "प्लॉट आबांच्या वडिलांचा. वारस दोघं, आबा आणि त्यांची थोरली बहीण. आधी बहिणीचं हक्कसोडपत्र करू, म्हणजे तिचं नाव निघालं. मग लगेच तुमचं खरेदीखत. वाचत बसायला वेळ नाही, रांग मोठी आहे."

हक्कसोड हा शब्द ऐकला आणि संजीवनीला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. तिनं मान वळवली. बाकावर एक म्हातारी बसली होती. ही प्रयागबाई, आबांची थोरली बहीण. अंगावर कोरी करकरीत साडी, पदराला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. चोळी रेडिमेड, खांद्यावरून उतरत होती. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्याला ते आधी दिसलं: घेणाऱ्यानं माप विचारलेलं नाही, हाताला आली ती उचललीय.

संजीवनी जवळ बसली आणि तिनं हळूच ती चिठ्ठी काढली.

"दादानं घेतली," म्हातारी खुशीत म्हणाली. मानसिंग धाकटा, पण ती त्याला दादाच म्हणायची. "म्हनला, आक्का, नावाची सही हाय, चल. लई वर्सं झाली बग बाबा जाऊन. आता म्हातारपनी माजं नाव लावतोय जागंला."

संजीवनीनं हातातली चिठ्ठी चुरगळली.

नावाची सही! अगदी हेच दोन शब्द. पाच वर्षांपूर्वी तिचा भाऊ विशाल हेच म्हणाला होता, "ताई, नुसती नावाची सही हाय." तिला कळत होतं, ती अडाणी नव्हती. माहेरचा उंबरा राहावा म्हणून तिनं सही केली, जरीची साडी घेतली, आणि डोळे पुसत घरी आली. पुढं विशालनं बंगला बांधला. वास्तुशांत झाल्याचं तिला मोबाईलवरच्या स्टेटसमधून कळलं. ती साडी अजून घडी न मोडता ट्रंकेत पडली होती.

पण तिला निदान कळत तरी होतं. हिला तर उलटंच सांगितलंय. नाव लावायचं म्हणून नाव काढायला आणलंय.

'तुला काय करायचंय?' ती स्वतःला म्हणाली. त्यांचं घर, त्यांची भांडणं. आपलं गंठण गेलंय. गोकुळ भिंतीला टेकून उभा होता, शर्टाचं वरचं बटण लावलेला, बँकेच्या फॉर्मवरच्या फोटोत दिसतो तसा. त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली. सगळं ठीक आहे ना, असं विचारणारी. तिनंही हलवली. त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली.

पुकारा झाला. आबा बहिणीला धरून टेबलापाशी घेऊन गेले. ऑपरेटरनं तिचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीननं घेतला नाही. परत ठेवला, परत नाही. खुरपं धरून धरून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या.

"हात धुवून आणा यांचा," ऑपरेटर वैतागून म्हणाला.

आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि संजीवनीला खूण केली. "वैनी, जरा नळावर न्हेता का आक्काला?" विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला घाई जास्त, हा त्यांचा हिशेब. चुकीचाही नव्हता.

अंगणातल्या नळाखाली संजीवनीनं म्हातारीचा हात धरला. "नीट घास गं बाय," प्रयागबाई म्हणाली, "माजं नाव लागायचं हाय."

पाणी वाहत राहिलं. आत पुढचा पुकारा होत होता. आता गप्प बसलं तर संध्याकाळपर्यंत जागा आपली, आणि बोललं तर...

"मावशी," संजीवनी म्हणाली, "नाव लागत न्हाय. नाव निघतंय तुमचं. हा अंगठा दिला की बापाच्या जागेत तुमचं काय राहत न्हाय. मग ती जागा भाऊ इकणार. घेणारी मीच हाय."

प्रयागबाईनं हात मागं घेतला. नळ बंद केला.

"मग तू कशाला सांगतीस?"

"मी पण दिलीय सही. साडीवर."

म्हातारीनं ओला अंगठा पदराला पुसला आणि आत गेली. खुर्चीवर बसली नाही. "मानसिंग, नाव लावतोयस का काढतोयस?"

आबांचा चेहरा पडला. "आक्का, असं काय करतीस? तुजी साडीचोळी केली की मी."

"केलीस व्हय? मग हक सोडायचा तर ही पन सोडते. फेडू हितंच?"

वकील कागद गोळा करायला लागले. आबा संजीवनीवर फिरले. "वैनी, नळावर काय पाजलंत हिला?"

"जे खरं ते सांगितलं," ती म्हणाली.

गोकुळ भिंतीपासून हलला नाही.

दोघं परतीच्या वाटेला लागले. दोन्हीकडं ऊस, मध्ये रस्ता, आणि नवऱ्याची ताठ पाठ. शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. एका टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली, दोन चहा सांगितले आणि पेल्यात बघत म्हणाला, "इसार गेला."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. गंठणासाठी फुटलं का कशासाठी, ते तिलाही कळलं नाही.

गोकुळनं चहा संपवला. "तुज्या सहीच्या येळी," तो हळू म्हणाला, "नळावर कोन न्हवतं."

पुढचे दिवस वाईट गेले. आबा फोन उचलेनात, बँकवाले विचारायला लागले, आणि काटेवाडीत सासूनं चारचौघींत सांगितलं की आमच्या सुनेनं हातातला घास दुसऱ्याच्या ताटात टाकला. संजीवनी मशीनवर मान घालून ब्लाऊज शिवत राहिली. चूक केली असं तिला वाटायचं, आणि परत केली असती असंही वाटायचं.

शेवटी आबाच खाली आले. बहिणीच्या अंगठ्याशिवाय त्या जागेला कुत्रं विचारीना. भावकी बसली, प्लॉटचे दोन भाग ठरले आणि चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याकडचा भाग निघाला प्रयागबाईला. मागचा आबांना. आधी दिलेला विसार धरून तोच आता संजीवनी-गोकुळच्या वाट्याला येणार होता, निम्मा आणि मागचा. गाळ्याचं स्वप्न रस्ता सोडून आत सरकलं.

"घ्यायचा?" गोकुळनं विचारलं. या वेळी त्यानं तिसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं.

"खोल्या बांधू," ती म्हणाली. "ऱ्हाणारी मानसं रस्ता बघत न्हाईत."

वाटणीपत्र आधीच नोंदवून झालं होतं. खरेदीच्या दिवशी प्रयागबाई आपणहून आली, जुन्याच लुगड्यात. मागच्यांना ये-जा करायला तिनं आपल्या जागेतून वाट दिली होती, त्याचा अंगठा द्यायचा होता. वकील म्हणाले, चला, उरकू पटकन. गोकुळ म्हणाला, "न्हाय सायेब, मोठ्यानं वाचा. सगळं."

वकिलांनी नाक मुरडून वाचायला सुरुवात केली. नावं झाली, गट नंबर झाला, मग चतुःसीमा आली. "पश्चिमेस ओढा. दक्षिणेस शिवाजी भोसले यांची जागा. उत्तरेस शेतजमीन. पूर्वेस श्रीमती प्रयागबाई सोपान भोंग यांच्या मालकीची जागा..."

"थांब बाबा," म्हातारी म्हणाली. तिनं संजीवनीचा हात घट्ट धरला होता. "ते शेवटचं परत वाच."

वकिलांनी घड्याळात बघितलं. "आजी, मागं रांग आहे."

"वाचा की सायेब," गोकुळ म्हणाला, "आमाला घाई न्हाय."