गोऱ्यांचा बाक

नगर स्टेशनावर गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर तो बूट काढून, मांडी घालून खुशाल बसला होता. आम्ही सगळे उभे. लढाईवरून परतलेला, खर्ड्याकडचा कुणी शिपाई. हमाल धावत आला.

"ऊठ, साहेब आला!"

"येऊ दे की. विलायतेत जखमी शिपायांच्या इस्पितळातनं आमाला एक दिस समिंदर दावाया नेल्तं. तिथं बाकावर म्हातारी मडम बसल्याली. मला बघून आपणहून सरकली, बाक थोपटून बस म्हनली. अन् आता माझ्याच मुलखात उठू व्हय?"

साहेब समोर येऊन थांबला. हमाल मागं सरला. हा मात्र उठला नाही. जरासा सरकला, मोकळी जागा थोपटून म्हणाला, "या, बसा की."

गाडी येईपर्यंत साहेब उभाच होता.