दुखून राह्यलं

आमच्या बोलीत 'दुखून राह्यलं' म्हणजे दुखतंय, आत्ता, या क्षणी. पुण्याकडच्या कानाला तेच 'दुखायचं राहिलं', म्हणजे थांबलं, असं ऐकू येऊ शकतं. चिखलीतल्या त्या दवाखान्यात हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मी बोललो नाही.

नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. लग्न झालेलं, दोन लेकरं. जुने डॉक्टर थकले म्हणून त्यांच्या जागी पुण्याकडचे एक डॉक्टर आले. माणूस भला, हात हलका. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईला "काऊन रडून राह्यली वं?" असं विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, जरा मराठीत विचारा की." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मात्र त्या दिवसापासून जीभ धुवायला घेतली. 'मले'चं 'मला' केलं, 'जाऊन राह्यलो'चं 'जातोय' केलं. बायको म्हणायची, "घरात कोणी पाहुणा येऊन राह्यला वाटते." डॉक्टरांनी एकदा विचारलं, तुम्ही इथलेच का? मी म्हणालो, मूळचे नगरकडचे. नगर मी तोवर पाहिलंही नव्हतं.

माझे बाबा अमडापूरला भाजीपाला पिकवायचे. वांग्यांच्या पाट्या गाडीत चढवताना त्यांचा पाय चाकावरून सटकला आणि ते दोन्ही पाय फाकून चाकाच्या लोखंडी धावेवर आदळले. वरची जखम भरली, पण लघवीची वाट आतून आकसत गेली. शेवटी शेवटी थेंबाथेंबासाठी ते अर्धा-अर्धा तास गोठ्यामागे उभे राहत. ती वाट बंद झाली असती तर नागपूरला मोठं ऑपरेशन, नाहीतर जन्मभर पोटातून नळी.

डॉक्टरांकडे यावर एक उपकरण होतं. दिसायला बारीक, टोकाशी वाकलेली पोलादी सळई, पण खरं तर चार पात्यांची मिटलेली जुडी. मिटलेलीच आत सरकवायची आणि मग मुठीजवळची, आकडे कोरलेली चकती फिरवायची. पाती एकमेकांपासून दूर होत, वाट आतल्या आत रुंदावे. कापणं नाही, टाके नाहीत. "एका वेळी थोडंच उघडायचं," डॉक्टर म्हणत, "आणि पेशंट सांगेल तिथे थांबायचं." सगळा भरवसा त्या सांगण्यावर होता.

मी बाबांना बजावून ठेवलं होतं की डॉक्टरांसमोर आपलं नातं काढायचं नाही. कंपाउंडरच्या नातेवाइकांना ते हात लावत नाहीत, असं कारण दिलं. ते खोटं होतं. मळक्या धोतरातला, 'मले-तुले' करणारा हा माणूस माझा बाप आहे, हे मला तिथे कळू द्यायचं नव्हतं. बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. आले तेच "राम राम, कंपाउंडर साहेब" करत. डॉक्टर यायच्या आधी मी त्यांना ते उपकरण उघडून दाखवलं. ते वाकून पाहत राहिले.

"ही त छत्री होय बे. मिटलेली जाईन आत, ते समजलं. पण अंदर उघडल्यावर मिटलीच नाही त?"

"मिटते, बाबा."

"बाबा नोको म्हणू. साहेब आयकतीन."

बाहेर बायकांची रांग होती, म्हणून खिडकी लावून घेतली होती. बाबा टेबलावर, मी त्यांचा गुडघा धरून उभा. सळई आत गेली. चकती फिरली.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडकसं."

अजून एक आकडा. "आता?"

"दुखून राह्यलं, साहेब."

"राहिलं ना? छान." चकती पुन्हा फिरली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा गुडघा माझ्या तळव्याखाली थरथरत होता, म्हणजे मला तर भाषेचीही गरज नव्हती. एकच वाक्य बोलायचं होतं: डॉक्टर, आमच्याकडे याचा अर्थ उलटा होतो. त्यातला 'आमच्याकडे' तोंडातून बाहेर पडेना. मी मनाशी म्हटलं, पुढच्या आकड्याला बाबा वेगळ्या शब्दांत सांगतील.

"लय दुखून राह्यलं," बाबा म्हणाले.

"दुखलं असेल. पण राहिलं ना आता? झालंच, हे शेवटचं."

मग बाबा ओरडले आणि डॉक्टरांच्या हातावर रक्त आलं.

"माझा हात जास्त गेला," असं डॉक्टर त्या दिवशी म्हणाले, आणि पुढेही म्हणत राहिले. ते उपकरण त्यांनी पुन्हा पेटीतून काढलं नाही. मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, आणि वर्षभराने ते पुण्याला परत गेले तेव्हाही नाही.

आतली फाट भरताना वाट आधीपेक्षा जास्त आवळली. नागपूरला जायला बाबा तयार होईनात. मग पुण्याला जाण्याआधी डॉक्टरांनी मला साध्या, न उघडणाऱ्या सळयांचा संच दिला आणि बारकीपासून जाडपर्यंत त्या कशा घालायच्या ते शिकवलं. दर पंधरा दिवसांनी, न चुकता, नाहीतर वाट मिटणार.

दर दुसऱ्या रविवारी मी अमडापूरला जायचो. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातून मला नोकरीचं बोलावणं आलं, पण या रविवारांपायी जाता आलं नाही. माझी बहीण सोनाळ्याला दिलेली, पण बाबा तिच्याकडे राहायला गेले की आठव्या दिवशी परतीची एस.टी. धरायचे. अमडापूरच्या घराच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. आतून कडी लावली की बाबा आणि मी, दोघंही कोंडलेले. बोलणं होत नसे. मी सळई उकळून आणायचो, ते धोतर सोडून भिंतीकडे तोंड करायचे.

पाचव्या वर्षी एका रविवारी मी बोललो.

"बाबा, त्या दिवशी मले समजलं होतं. तुम्ही काय म्हणून राह्यले, अन् डॉक्टरले काय आयकू आलं, दोन्ही."

"मालूम हाय मले."

"मंग इतके वर्सं काऊन नाही बोलले?"

"तू काऊन नाही बोलला त्या दिशी?" ते भिंतीलाच म्हणाले. मग म्हणाले, "हाक मारनारच होतो म्या तुले. 'पोरा, थांबव रे,' इतकंच. मंग ध्यानात आलं, तू त मना केलं होतं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती, आणि माझी सुटका झाली असती, त्यांची नाही.

"घाल आता," ते म्हणाले, "थंडी वाजून राह्यली."

मी सर्वांत बारीक सळई घेतली. ती अडली तिथे विचारलं, "दुखून राह्यलं का?"

"हाव."

मी थांबलो. ते पुढचं सांगेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.