सरलाच्या डाव्या गालावरचा उजेड

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. कुणी म्हणालं की पिंपळाखाली काहीतरी पांढरं दिसलं, तर मी आधी चष्म्याचा नंबर विचारते. या सदरात लोक लिहितात ते मी चवीने वाचते आणि वाचून झालं की मनात म्हणते, चला, काहीही! आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय... पण मला भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये. मला राग आलेला आहे. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

साल १९८८-८९ असेल. गाव सिल्वासा. आम्ही मूळचे चिपळूणकडचे, बाबा तिथल्या सरकारी कचेरीत होते. बारावीनंतर घरात बसून काय करायचं म्हणून मी बाजारातल्या रमणकाकांच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकायला जाऊ लागले. पुढे काउंटर, मागे बिनखिडकीची खोली, निळा पडदा, एक स्टूल आणि स्टँडवरचे दोन दिवे. मोठा तो ‘मेन’, सावली उजळवणारा लहान तो ‘फिल’. सुरुवातीला काकांनी मला माणूस दिलाच नाही. स्टुलावर पालथा माठ ठेवला, त्याला मातीचं नाक चिकटवलं आणि म्हणाले, ‘‘नीलाबेन, आ तमारा पहेला ग्राहक!’’ नाकाची सावली ओठावर येता कामा नये, दिवा किती वर, किती तिरका... सगळं मी त्या माठावर शिकले. माठ बिचारा कधी तक्रार करत नव्हता.

काकांची एक पद्धत होती. जमिनीवर खडूच्या दोन फुल्या. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका गुजराती पदराच्या, म्हणजे पदर उजव्या खांद्यावर. निम्म्या मराठी, पदर डाव्या खांद्यावर. पदराचे काठ फोटोत उठून दिसले पाहिजेत, नाहीतर बायका फोटो परत करतात! म्हणून पदर ज्या खांद्यावर, त्या बाजूच्या फुलीवर मेन. बाई आत आली की पदर बघायचा आणि दिवा सरकवायचा, इतकं सोपं.

आता सरला. तिचे वडील शहाद्याकडून आलेले, खडोलीच्या एका कारखान्यात कामाला. लहानपणी स्टोव्हचा भडका होऊन तिचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजलेला. दोंडाईच्याकडचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी फोटो मागवला होता. आधीची दोन स्थळं त्या गालावरूनच फिरली होती. तिची आई इंदूबाई तिला घेऊन आली आणि मला बाजूला ओढून म्हणाली, ‘‘पोरी, तो गाल दिसायला नको पाहिजे बरं का! या बारीला जमलंच पाहिजे. हिच्या मागे अजून दोघी बसेल आहेत.’’ सरला स्टुलावर बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

मी म्हटलं, काळजी नको. नियम मराठी पदर, डावी फुली असा होता, पण मी मुद्दाम तो मोडला. मेन तिच्या उजव्या हाताला लावला, चांगल्या गालाकडे. फिल बंद. मान जराशी वळवली. डावा गाल छान अंधारात गेला. कॅमेऱ्याच्या काचेतून मी दोनदा बघितलं. माझा पहिला खरा फोटो! मग मी खटका दाबला.

निगेटिव्ह धुऊन प्रिंट काढली तर... डावा गाल लख्ख उजेडात! एकेक सुरकुती मोजून घ्या. आणि नाकाची सावली उजवीकडे. म्हणजे उजवीकडे दिवा आणि सावलीही उजवीकडेच. शहाणा माणूस काय समजेल सांगा!

काका समजले ते असं की मी पदर बघून सवयीने दिवा डाव्या फुलीवर लावला. इंदूबाईंसमोर, काउंटरवरच्या दोन गिऱ्हाइकांसमोर मला बोलले. मी सांगतेय, ‘‘काका, दिवा अजून हललेला नाही, आत येऊन बघा तरी!’’ ते आले. दिवा उजवीकडेच होता. तर म्हणतात, ‘‘ए तो तें पछी फेरव्यो.’’ नंतर फिरवला म्हणे! म्हणजे चूकही माझीच आणि लबाडीही माझीच. वा रे वा!

दुसऱ्या दिवशी काकांनी तोडगा काढला. सरलाला गुजराती पदर घ्यायला लावला. म्हणजे पदर उजवीकडे, दिवा उजवीकडे, नीलाबेनच्या चुकीला जागाच नको. इंदूबाईंचा नुसता तिळपापड झाला. ‘‘माय व! आमच्या जातीत हा फोटो कोण पसंत करेल? गुजरातीण आहे का माझी पोर?’’ काका म्हणाले, बेन, आधी गाल तर लपू दे. या वेळी काचेतून त्यांनी स्वतः बघितलं, मान डोलावली, ‘‘बरोबर.’’ मी फक्त खटका दाबला.

प्रिंट आली. पदर गुजराती, दिवा उजवीकडचा आणि उजेड डाव्या गालावर!

तुम्हाला वाटेल आता तरी काका गप्प बसले असतील. छे! ‘‘तारो हाथ ज एवो छे.’’ माझा हातच तसा म्हणे. मला काउंटरवर पावत्या फाडायला बसवलं आणि तिसऱ्या वेळी सगळं त्यांनी एकट्याने केलं. पदर पुन्हा मराठी, दिवा उजवीकडे, खटकाही त्यांचा. मी खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. काका डार्करूममधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ओली प्रिंट माझ्यापासून लपवत होते, पण मी बघितलीच. तोच डावा गाल, तोच लख्ख उजेड.

माझी माफी मागितली? नाव नको! म्हणाले, बल्ब ढिला आहे. अहो, ढिला बल्ब फार तर विझेल, खोली ओलांडून पलीकडे जाईल का?

मग त्यांनी निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. रिटचिंगमध्ये हात होता त्यांचा, ते मान्य करावंच लागेल. गाल असा गुळगुळीत केला की जणू कधी भाजलाच नव्हता. मी म्हटलं होतं, काका, सावलीत ठेवणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं, पोरगी समोर आल्यावर काय होईल? तर मला म्हणाले, तू पावत्या फाड.

दोंडाईच्याचे लोक फोटो पसंत करून बघायला आले. सरला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या मामाने खिशातून फोटो काढून तिच्या तोंडाशेजारी धरला. तिच्या तोंडाशेजारी! ‘‘ही कोण आणि ही कोण?’’ पोह्यांना हात न लावता माणसं उठून गेली.

आणि इंदूबाई भांडायला कुणाकडे आल्या? माझ्याकडे. भर बाजारात. ‘‘तुला एक दिवा नीट लावता येईना! माझ्या पोरीचं वाटोळं केलं तू!’’ रमणकाका आत बसून ऐकत होते. बल्बबद्दल नाही बोलले, पेन्सिलबद्दल नाही, तिसऱ्या वेळेबद्दल तर नाहीच नाही. उलट गावभर सांगत सुटले की चिपळूणच्या त्या पोरीला लाइटिंग जमत नाही. मी रडत घरी गेले आणि त्या स्टुडिओची पायरी पुन्हा चढले नाही.

पण शिकणं मी सोडलं नाही. वापीला एका स्टुडिओत राहिलेलं शिकले, मग नरोली रोडला स्वतःचं दुकान टाकलं. खोल्या करून राहणारे कामगार, त्यांच्या बायका, सुरंगीकडच्या शाळेतली मुलं, किती चेहरे माझ्या दिव्यांखालून गेले. एकही दिवा परत तसा वागला नाही. म्हणूनच तर चीड येते! माझ्याच पहिल्या फोटोला हे का व्हावं?

९७ साल असेल. भर दुपारी एक बाई लहान मुलीला घेऊन शाळेच्या फोटोसाठी आली. गाल बघितला आणि ओळखलं. सरला! लग्न झालं होतं, वडिलांच्या कारखान्यातल्याच, शेजारी राहणाऱ्या एकाशी. त्याने तिला रोज समोरून बघितलं होतं, फोटोचा प्रश्नच आला नाही. मुलीला स्टुलावर बसवून मी दिवा लावत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, ‘‘ताई, एक विचारू? तेव्हा तुम्ही आणि काका मोठा दिवा त्या बाजूला दाखवायसाठी ठेवायचे आणि दुसरा या बाजूला लपवून लावायचे का?’’

‘‘कुठला दुसरा?’’

‘‘हाच, डाव्या अंगाचा. मला शेक लागायचा ना. तिन्ही वेळेला, याच गालावर.’’

मी म्हटलं, ‘‘अगं, उजवीकडच्या दिव्याचाच लागला असेल.’’

तिने गालावर बोट टेकवलं. ‘‘ताई, हा गाल जळाला तेव्हापासून मेलेला आहे. टाचणी टोचली तरी कळत नाही. गरम नाही, गार नाही. तेवढं तीनच वेळा कळलं.’’

मी वायर खाली ठेवली. ‘‘मग तेव्हाच का नाही बोललीस गं बाई? केवढा तमाशा झाला! मला भर बाजारात शिव्या पडल्या!’’

‘‘कोणाला सांगू? आई तुमच्याशी भांडू राहिली होती, तुम्ही काकांशी. मला कोणी विचारलं का?’’

 आरसा होता म्हणावं तर त्या खोलीत आरसा नव्हता. फिल्मवर दोनदा उजेड गेला म्हणावं तर प्रिंटमध्ये सावली एकच होती. चांगल्या जाणत्या फोटोग्राफरांना विचारलं, ते हसले.  रमणकाकांवरचा राग मात्र तसाच आहे, तो मी सोडणार नाही.

मुलीचा फोटो झाल्यावर तिच्या केसांची रिबीन नीट करता करता सरला म्हणाली, ‘‘चांगलं वाटायचं, ताई. म्हणून तर मी हलले नाही.’’