दर रविवारची विहीर

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण फुलंब्रीकडच्या त्या विहिरीतून काढलेली बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो.

जोडपं शहरात, पुंडलिकनगरात राहणारं, शेत आमच्या हद्दीत. नवऱ्यानं खबर दिली ती अशी, बायको हातपाय धुवायला विहिरीवर गेली आणि पाय घसरला. "ती कधी तिकडं फिरकलीच नव्हती साहेब, जागा ओळखीची नव्हती," हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पंचनाम्यात मारहाणीची खूण नाही. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि चौकशी बंद व्हायच्या बेतात आली.

तिची आई मात्र ठाण्याच्या पायरीवरून उठेना. जन्म मेंढरांमागं गेलेली बाई. "माझी लेक रानात वाढली साहेब. तिचा पाय घसरंल व्हय? आन् माझी नात अजून त्याच्याच घरात हाय." नातीचं नाव निघालं की तिचा आवाज फुटायचा. मलाही नवऱ्याचा संशय होता, पण संशयावर पोर बापाकडून काढून घेता येत नाही.

मग एका दुपारी सिल्लोडची एक तरुणी ठाण्यात आली. मयत बाई आणि ती शहरात एकाच इंग्रजी बोलायच्या क्लासला जायच्या. लेकीच्या शाळेत आईबापाची मुलाखत घेतात म्हणून नवऱ्यानंच बायकोला तिथं घातलं होतं. क्लासची रीत अशी, की रोज एकीनं पुढं उभं राहून आपल्या घरच्या गोष्टी इंग्रजीत सांगायच्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

"साब, मेरेको नींद नहीं आरी," ती तरुणी म्हणाली. "उसने सबके सामने बोली थी, और हम तालियां बजाए."

काय बोलली, विचारल्यावर तिनं उभं राहूनच म्हणून दाखवलं. "एव्हरी संडे माय हजबंड टेक मी टू फार्म. ही शो मी वेल. ही से, जंप. आय से, माय डॉटर इज स्मॉल. वी कम होम."

दर रविवारी नवरा शेतावर नेतो. विहीर दाखवतो. उडी मार म्हणतो. मी म्हणते, माझी मुलगी लहान आहे. मग आम्ही घरी येतो.

क्लासच्या मास्तरांना बोलावलं. सभ्य माणूस, सारखा घाम पुसत होता. "मी चुका सुधारल्या साहेब, पुन्हा म्हणून घेतलं. अर्थाकडं कुठं लक्ष असतं आमचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याला झापून बाई परत येणार नव्हती. क्लासमधल्या सगळ्यांचे जबाब घेतले आणि शेजारच्या शेतकऱ्याला पुन्हा गाठलं. पहिल्या दिवशी कानावर हात ठेवणारा हा गडी आता खाली मान घालून म्हणाला, "व्हय साहेब. दर रविवारी यायचे, कडंला उभं ऱ्हायचे. नवरा-बायकोच्या मधी आपण कशाला पडा?"

नवऱ्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. बायकोला इंग्रजी कितपत यायचं, एवढंच विचारलं. तो हसला. "तिला? अडाणी होती हो. चार शब्द नीट जुळवता येत नव्हते." मी ती वाक्यं वाचून दाखवली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"हे तिनं लोकांसमोर म्हटलं?"

जागा ओळखीची नव्हती, हे त्यानं त्यानंतर कधी म्हटलं नाही. ढकललं की तिनंच उडी घेतली, देव जाणे. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली आणि नात आजीकडं आली.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आजीनं मला थांबवलं. "ती तिकडं काय म्हणली व्हती, ते मराठीत सांगा की." मी सांगितलं. ती रडली नाही. "मला तर फोनवर म्हणायची, बरं हाय आई. मला का नाय सांगितलं?"

आईला सांगावं तर तिचा जीव तुटतो, शेजारणीला सांगावं तर अब्रू जाते. परक्या भाषेत जीभ अडखळली तरी लाज अडवत नसावी. बायका बोलत नाहीत, असं आपण खुशाल म्हणतो. ही तर पुढं उभी राहून बोलली होती.

सिल्लोडच्या मुलीनं जबाबात शेवटी एक सांगितलं होतं. टाळ्या थांबल्यावरही ती बाई थोडा वेळ तशीच उभी होती, कुणी काही विचारतंय का बघत. मग जागेवर जाऊन बसली.