काकांची इंग्रजीबंदी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी इंग्रजीवर जेवढं प्रेम केलं तेवढं अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी कुणावर केलं नसेल, आणि इंग्रजीने त्यांच्याइतकं दुर्लक्षही दुसऱ्या कुणाकडे केलं नसेल. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात काढली आणि तिथल्या मशीनवर, भिंतींवर, फलकांवर जे जे इंग्रजी लिहिलेलं होतं ते सगळं घरी आणलं. चहा हवा असला की ते काकूंना "काइंडली अरेंज" म्हणत. पाहुणे उठेनासे झाले की "शिफ्ट ओव्हर" अशी घोषणा करत. नातवाच्या बारशाला जमलेल्या बायकांना त्यांनी "हँडल विथ केअर" अशी ताकीद दिली होती. काकू मूळच्या राजगुरुनगरकडच्या. त्या एवढंच म्हणायच्या, "बोलू द्या. कंपनीनं पेन्शन न्हाई दिली, ह्यो रोग दिला."

अशा माणसाच्या घरी अमेरिकेची हॅना येऊन राहणार असं ठरलं तेव्हा काकांनी आनंदाने नवा चष्मा केला. तिकडचं सरकार शाळकरी मुलांना आपल्या खर्चाने परदेशी भाषा शिकायला पाठवतं, आणि या मुलीच्या वाट्याला मराठी आली होती. इकडच्या सरकारला मराठीसाठी एवढा खर्च परवडेल का, हा प्रश्न मी काढला नाही. काकांनी गप्पांचे विषयसुद्धा ठरवून ठेवले होते: हवामान, लोकशाही आणि गिअरबॉक्स. पण मुलीला सोडायला आलेल्या, तिची इथली सोय पाहणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी सोफ्यावर बसता बसताच नियम सांगितला. तिच्याशी घरात इंग्रजीत बोलायचं नाही. बोललात तर तिला दुसऱ्या कुटुंबात हलवावं लागेल. पंगतीत बसवून समोरचं पान उचलून न्यावं तसा काकांचा चेहरा झाला.

मग त्यांनी पळवाटा शोधल्या. मुलीशी बोलायचं नाही ना? ते तिच्यादेखत ग्राहकसेवेला फोन लावून गॅसच्या विषयावर तासभर इंग्रजी झाडू लागले. सोसायटीच्या कुत्र्याला इंग्रजीत उपदेश सुरू झाला. लातूरकडचा वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, काका रोज माझ्यावर इंग्रजीत रागवायलेत. माझं काय चुकलं?" हॅना हे सगळं ऐकायची आणि हसू दाबायची. शेवटी एका शनिवारी तिला पोहे वाढताना काकांचा तोल गेला आणि ते थेट लोकशाहीवर घसरले. नेमक्या मॅडम दारात उभ्या!

"काका, पुन्हा असं झालं तर मी हिला घेऊन जाईन."

हॅना उठून काकूंच्या मागे जाऊन उभी राहिली. "मी नाही जाणार," ती म्हणाली.

त्या दिवसापासून काकांचं इंग्रजी बंद. सुरुवातीला दुसऱ्या भाषेत काय बोलायचं तेच त्यांना सुचेना. मग हळूहळू मराठी बाहेर पडली, आणि तीही गावाकडची, जी आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. रात्रपाळीत लागणारी भूक, आईचा मार, कंपनीच्या जागेत गेलेलं घरचं आंब्याचं झाड, सगळं त्यांनी त्या पोरीला सांगितलं. हॅना बिनदिक्कत "व्हय" आणि "न्हाई" म्हणू लागली, आणि आता मॅडमना तेही पटेना.

हॅना परत गेली त्यालाही बरेच दिवस झाले. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. गेल्या रविवारी मीही तिथे होतो. तिची मराठी विरत चालली आहे. काहीतरी सांगता सांगता ती अडकली, शब्द सापडेना, डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, विंग्रजीत विचारा की," काकू म्हणाल्या. "आता कोन बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. नियम संपला होता आणि ज्या संधीची काकांनी जन्मभर वाट पाहिली ती समोर बसली होती. मला वाटलं, आता लोकशाही येणार. पण काकांनी नकारार्थी मान हलवली. इंग्रजीची वाट एकदा मोकळी झाली की पोरगी मराठीकडे वळून बघणार नाही, मग ती या घरची राहणार नाही, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. फोन दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "सापडंल, बाळा. दमानं घे. आमी हाय हितंच."