परत आलेला हिरवा कुर्ता

मंडळी, दुपारी रडकुंडीला आले होते, आता हसू येतंय, म्हणून लिहितेय.

परदेशीपुऱ्याच्या बाजारातून कापड आणून मी घरी कुर्ते शिवते आणि एका कंपनीच्या साइटवर ऑनलाइन विकते. मागच्या आठवड्यात विकलेला हिरवा कुर्ता आज परत आला. तक्रार होती, शिवण उसवली. उघडून पाहिलं तर काखेत खरंच उसवलेला. पैसे जाणार, वर कच्च्या शिवणीचा शिक्का बसणार. चूक माझीच असेल म्हणून मी माफीचा मेसेज लिहायला घेतला.

माझी पहिली शाळा म्हणजे आई. पाचवीपर्यंत तिनेच घरी शिकवलं आणि अजूनही माझं काम तपासते. ती म्हणाली, "थांब जरा. आधी तुझी कबुली वाच."

कुर्त्यात काही कमी असलं की मी ते विक्रीच्या पानावर फोटोसकट लिहिते. त्याला आई कबुली म्हणते. या कुर्त्याखाली लिहिलं होतं: हिरवा दोरा संपल्यामुळे डाव्या बाहीची आतली तुरपाई निळ्या दोऱ्याने केली आहे.

आईने बाही उलटवली. तुरपाई हिरवी, तीही मशीनची.

"हा आपला नाहीच. अब बोल, माफी कौन मांगेगा?"

पानावरचा आणि या बाहीचा, असे दोन्ही फोटो मी कंपनीला पाठवले. तासाभरापूर्वी उत्तर आलं, गिऱ्हाइकाचा रिफंड नामंजूर.

आता आई म्हणते, प्रत्येक कुर्त्यात एक गुपचूप खूण ठेवत जा. पण ती गिऱ्हाइकाला न सांगणं बरोबर आहे का? तुम्ही काय करता?