कॅथरिनमावशीचं बोलावणं

वटार गावात कॅथरिनमावशीशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तरी तो तिच्या घरावरून जाणारी वाट टाळेल. साठी उलटलेली, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. केळीची एक वाडी, अकरा कोंबड्या आणि कप्तान नावाचा कुत्रा, एवढा तिचा संसार. कुत्र्याचं नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो हयातभर जहाजावर स्वयंपाकी होता. कप्तानाला हुकूम सोडायची हौस त्याने निवृत्त झाल्यावर अशी भागवून घेतली.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत या कप्तानावर आळ आला. कुंपणापलीकडच्या मायकलने मुलीच्या, शॅननच्या, लग्नासाठी कोंबडे पोसले होते. त्यांना तो तांदळाच्या कण्या चारायचा आणि आल्यागेल्याला एकेक उचलून बघायला लावायचा. व्याही मंडळी सुपारीला आली तेव्हा चहाच्या आधी त्यांच्या हातात कोंबडा आला होता. त्यातले तीन कोंबडे आठवड्याभरात नाहीसे झाले. मागे राहिली फक्त पिसं, आणि तीही मावशीच्या कुंपणाच्या अंगाला.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर मायकल ती पिसं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवळासमोर उभा राहिला. फ्रेडरिक मास्तरांना त्याने पंच केलं. अर्धं गाव मास्तरांच्या हाताखाली शिकलेलं आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांचा मार खाल्लेला, तेव्हा त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. मायकलचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या रविवारी कप्तानाला त्याच्या टेम्पोत घालायचं आणि पार सातिवलीच्या गोडाऊनांत सोडून यायचं. तिथून कुत्रा परत येत नाही.

मावशीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सांगितलं की हे काम कोल्ह्याचं आहे.

लोक हसले. सगळीकडे इमारती उठत होत्या, विहिरींचं पाणी टँकरने शहरात जात होतं आणि हिला कोल्हा दिसतो. कोणी म्हणालं, कोल्ह्याने बहुतेक फ्लॅट बुक केला असेल. मास्तरांनीही चष्म्यावरून बघत विचारलं, शेवटचा कोल्हा कुणी आणि कधी पाहिला.

"पुढच्या रविवारच्या आत तुम्ही बघाल," मावशी म्हणाली. "आधी त्याला दाखवते. मग टेम्पोत कोण बसायचं ते ठरवू."

एवढं बोलून ती कप्तानाला घेऊन निघाली. बोलून तर गेली, पण कोल्हा कुठून आणायचा हे तिला ठाऊक नव्हतं. ते घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

तोडगा निघाला तो शेल्डनच्या पेटीतून. शेल्डन तिच्या बहिणीचा मुलगा, जहाजावरचा इलेक्ट्रिशियन. प्रत्येक सफरीहून तो एक यंत्र आणायचा आणि त्याचा उपयोग काय हे घरच्यांनी शोधायचं. या खेपेला त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून जुन्या बाजारातला एक हिरवा डबा आणला होता. आत कॅसेट, बाहेर भोंगा. तिकडचे शिकारी म्हणे हा डबा रानात ठेवतात, त्यातून घायाळ सशाचं रडणं वाजवतात आणि कोल्हे-लांडगे आपण होऊन चालत येतात.

मावशीने तो डबा मासळीबाजारात पापलेट बघावं तसा उलटसुलट करून पाहिला. शेल्डन आवाजाची बढाई मारत होता, मैलभर जातो म्हणून. मावशीला आवाज किती लहान होतो ते हवं होतं. भोंग्याची वायर डब्यापासून किती लांब नेता येते, सेल दमल्यावर आवाज जाड होतो का, बटण दाबल्यावर खटका वाजतो का, असले प्रश्न तिने विचारले. शेल्डन चकित झाला. त्याला कुठे ठाऊक की मावशीचा बाप खाजणाच्या, खाडीकडच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेला बसून माडाच्या पातीची पिपाणी वाजवायचा आणि कोल्हा समोर आणायचा. तेव्हा मावशी आठ वर्षांची होती आणि बापाशेजारी पोटावर पडून असायची. बाप दोनदा हळूच वाजवायचा आणि मग इतका वेळ गप्प बसायचा की पोरीला झोप यायची.

बुधवारी संध्याकाळी पहिला प्रयोग झाला. मावशी सांगत राहिली, पण यंत्राच्या मालकाचा मान म्हणून बटण शेल्डनकडे गेलं, आणि त्याने ते शेवटापर्यंत फिरवलं. अमेरिकन ससा वटारभर किंचाळला. कावळे आले. बाजारातली तीन उनाड कुत्री आली. शेजारची मटिल्डा कोयता घेऊन आली, तिला वाटलं कुणाच्या घरात मारामारी चाललीय. कोल्हा मात्र आला नाही. त्याने जन्मात ससा ऐकलेला नव्हता, आणि ऐकला असता तरी मरणारा ससा लाऊडस्पीकर लावत नाही एवढी अक्कल त्याला होती.

पण सगळ्यांत आधी पोचला कप्तान. दोरी तोडून तो भोंग्यापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. हे मायकलने पाहिलं, आणि त्याने मास्तरांना लगेच बोलावून आणलं. ओरडणाऱ्या जनावराकडे कोण धावतं बघा, म्हणाला. टेम्पोत पेट्रोल भरून ठेवतो.

"त्याचं तोंड कुठे होतं ते सांग," मावशी म्हणाली. "भोंग्याकडे पाठ करून तो त्या तिघांवर भुंकत होता. चोर राखण करतो होय रे मायकल?"

मास्तर हं म्हणाले. त्या हंमध्ये कुणाची बाजू होती ते दोघांनाही कळलं नाही.

गुरुवारी मावशी सरळ मायकलच्या ओटीवर गेली आणि एक कोंबडी मागितली. खायला नको, अर्ध्या तासात परत देते. मायकलला हा वेडेपणा वाटला. पण मावशीने त्याला समजावलं की चोराला तुझ्या कोंबड्यांची चटक आहे, तर बोलावणंही तुझ्याच कोंबडीच्या आवाजात जायला हवं, माझ्या कोंबडीला तो ओळखत नाही. मायकलला यात आपल्या कोंबड्यांची स्तुती दिसली. त्याने सगळ्यांत जाडी निवडून दिली.

बाजारात नेताना कोंबडी पाय धरून उलटी करतात तेव्हा ती जसं ओरडते, तसं मावशीने तिला दोन मिनिटं धरलं. शेल्डनने त्याच्या आवडत्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटवर ते टेप केलं. गाणी पुसली म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडी मात्र घरी जाऊन अंडं घालून मोकळी झाली.

शनिवारची पहाट, अजून अंधार. या खेपेला मावशीने सगळी सूत्रं स्वतःकडे ठेवली. कप्तानाला मायकलच्याच ओटीवर साखळीने बांधलं, कुलूप घातलं आणि किल्ली मास्तरांच्या खिशात टाकली. शेल्डनला घरी ठेवलं. मायकलच्या डोक्याला चमेलीचं तेल होतं, तर त्याला बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, गार पाण्यात डोकं धुवायला लावलं. मास्तरांची तपकिरीची डबी काढून घेतली. जिंदगीत पहिल्यांदा मास्तर कुणाकडे तरी विद्यार्थ्यासारखे बघत होते.

खाजणावरून वारा तोंडावर येत होता. भोंगा तीस पावलांवर तिवरांच्या झुडपांच्या कडेला, डबा मावशीच्या मांडीजवळ. देवळाची घंटा थांबली तेव्हा तांबडं फुटून समोरचं गवत दिसू लागलं होतं. तिने बटण फिरवलं, इतकं कमी की कोंबडी दूर कुठेतरी कण्हत असावी. अर्धा मिनिट. बंद. मग काहीच नाही. मायकल चुळबुळला, तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबून. पुन्हा अर्धा मिनिट, आधीपेक्षा हळू. पुन्हा बराच वेळ गप्प.

हात बटणावर ठेवून मावशीने एकदा मायकलच्या ओटीकडे, कप्तानाकडे, मान वळवली. बाप गेला, नवरा गेला, आणि उद्या ओटीवर शेपूट आपटायलाही कुणी राहणार नव्हतं. तिने तिसऱ्यांदा बटण फिरवलं.

कोल्हा खाजणातून आलाच नाही. सगळ्यांचे डोळे समोर, आणि मास्तरांनी हळूच उजवीकडे बोट केलं. मायकलच्या केळीमागे, कुंपणाखालच्या खळग्यातून एक तांबूस करडं डोकं वर आलं. रोज संध्याकाळी मायकल मासळीची डोकी आणि कोंबड्यांची घाण तिथेच टाकायचा. कोल्हा बेताने बाहेर आला, वास घेत अर्धा वळसा घालून वारा वाहतो त्या बाजूला जाऊ लागला. तो इतका रोड होता की त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. भोंग्याकडे बघून तो थांबला. आणि मायकलच्या ओटीवरून कप्तान साखळीला हिसके देत भुंकू लागला.

कोल्ह्याने कान वळवले आणि तो आल्या वाटेने, त्याच खळग्यातून, घरच्यासारखा निघून गेला.

"कुत्रंच होतं ते," मायकल म्हणाला, पण जिभेत जोर नव्हता.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून मावशीच्या हातावर ठेवली.

परतताना मायकल मावशीच्या बरोबरीने चालू लागला. आवाज एकदम गोड झाला होता. उद्या सकाळी पुन्हा वाजव मावशी, म्हणाला, माझ्या मेव्हण्याकडे बंदूक आहे. मास्तर म्हणाले की कायद्याने कोल्ह्याला हात लावता येत नाही. मायकल म्हणाला, कायदा वटारला एवढ्या सकाळी उठत नाही.

मावशी थांबली. तिने डब्यातून कॅसेट काढली, नखाने फीत उचकटली आणि ओढत राहिली, पार रिकामी होईपर्यंत. पायाशी तपकिरी फितीचा ढीग झाला.

"मी त्याला साक्षीला बोलावला होता," ती म्हणाली. "साक्षीदाराला मारायचं असेल तर तू ओरड कोंबडीसारखा. मी पाय धरते."

मास्तर खोकले. मायकलने त्याच दिवशी खळग्यात दगड भरले आणि घाण खड्डा करून पुरायला लागला.

रविवारी टेम्पो निघाला मात्र. ठरलं ते ठरलं, असं मावशीने बजावलं. मिस्सा सुटून माणसं देवळासमोर उभी असताना मायकलचा टेम्पो हळूहळू तिथून गेला. चालवायला मायकल, मान खाली. पुढच्या सीटवर कप्तान, जीभ बाहेर, आणि खिडकीशी कॅथरिनमावशी, नवीन लुगडं नेसून. सातिवलीचा रस्ता डावीकडे होता. तिने त्याला उजवीकडे वळायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा देवळावरून.

कॅसेटची फीत तिने भाजीच्या वाफ्यांवर काठ्यांना ताणून बांधली. वाऱ्यावर ती भुणभुणते आणि पाखरं उतरत नाहीत.